डाळिंबी खण आणि माजघरातला उजेड : शहापूरच्या एका घराचे प्रकरण

बेळगावात टिळकवाडीला आमचा घरसजावटीचा लहानसा स्टुडिओ आहे. दिवाळी आटोपली की आम्ही तिघे एकत्र बसतो आणि पुढच्या वर्षासाठी आमच्या मनात भरलेल्या वस्तूंची यादी नव्याने करतो. कोणते कापड, कोणता दिवा, कोणते अंथरूण, कोनाड्यात किंवा फडताळावर ठेवायला कोणती वस्तू, हे त्यात ठरते. एखादी वस्तू कुणाच्या तरी घरात निदान एक पावसाळा काढल्याशिवाय यादीत पक्की धरायची नाही, हा आमचा नियम आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथल्या भिंतींना ओल येते, लोखंड गंजते, लोकरीला वास येतो आणि दुकानात देखणे दिसलेले बरेच काही कपाटात जाऊन पडते. ज्या वर्षाचे हे प्रकरण आहे त्या वर्षीच्या यादीत गुळेदगुड्डचा खण, इरकलीचे कापड, नवलगुंदचा जमखाना, धनगरी घोंगडे, खानापूरच्या मातीची दिव्याची टोपी, उद्यमबागेत ओतून घेतलेली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दिव्याची बैठक आणि गोकाकची रंगीत लाकडी फळे अशा सात नोंदी होत्या. प्रत्येक वस्तू चांगलीच होती. चूक आमच्या यादीच्या रचनेत होती आणि ती शहापूरच्या एका घरात उघडी पडली.

शहापूर एके काळी सांगली संस्थानात होते. विणकरी आणि साड्यांची पेठ म्हणून त्याची जुनी ओळख आजही टिकून आहे. तिथल्या गल्ल्यांतील घरे तोंडाला अरुंद आणि आत खोलवर गेलेली असतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्यामुळे उजेड येतो तो फक्त पुढून आणि मागून. हे घरही तसेच, पुढे सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परडे. माजघराला एकही खिडकी नाही. वर सागवानी माळा असून त्याच्या तुळया धुराने आणि वयाने काळ्याभोर झाल्या आहेत, भिंतींना नीळ घातलेला चुना आहे आणि खाली शहाबादी फरशी. या घरातल्या काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा आणि सूनबाई पुण्याहून कायमचे परत आले होते आणि तिघांनाही माजघर हीच घराची बैठक व्हावी असे वाटत होते, कारण पुढच्या सोप्यात रस्त्याचा गलका फार. मोडतोड न करता, घराचे जुनेपण न घालवता ही खोली बसण्याजोगी करून द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

आम्ही यादी हातात घेऊनच गेलो. माजघरात भिंतीला लागून दिवाण, त्यावर खणाच्या अभ्र्यांच्या उशा, खाली जमखाना, कोपऱ्यात उभा दिवा आणि मध्यभागी तुळईला टांगलेला मातीच्या टोपीचा दिवा अशी मांडणी ठरली. खणाबद्दल काकूंनी पहिल्याच दिवशी एक अट घातली. खण ओटीचा असतो, देवीला आणि लेकीसुनेला खणा-नारळाने ओटी भरतात, तेव्हा खणावर कोणी बसायचे नाही. आमच्या मूळ आराखड्यात दिवाणाची गादीच खणाने मढवलेली होती. ती कल्पना आम्ही त्याच क्षणी सोडली आणि खण फक्त पाठीमागच्या उशांना ठेवला. कापडाच्या दृष्टीनेही हे योग्यच झाले. खण अरुंद पन्ह्याचा असतो, चोळीच्या मापाने विणलेला, त्यामुळे गादीला मधोमध जोड द्यावा लागला असता आणि बसण्या-उठण्याचा सारा ताण त्या शिवणीवर आला असता. उशीला मात्र तोच पन्हा नेमका पुरतो आणि खणाचे काठ दोन्ही कडांना जसेच्या तसे राखता येतात.

खण शहापुरातल्याच एका कापड व्यापाऱ्यामार्फत बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डहून मागवला होता. रंग डाळिंबी, अंगभर बारीक बुट्टी आणि हिरवे काठ. तो निवडला तेव्हा दुपार होती आणि आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे होतो. अभ्रे शिवून आले, उशा दिवाणावर मांडल्या, आणि संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला की रंग वेगळा आला आहे. आम्ही जाऊन पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे होते. डाळिंबीच्या जागी भाजलेल्या विटेसारखा मळकट तपकिरी रंग दिसत होता आणि काठाचा हिरवा करडेपणाकडे झुकला होता. त्या रात्री आमच्या हातून जी गोष्ट झाली ती लपवण्यासारखी नाही. नमुना एक दाखवला आणि माल दुसरा पाठवला, अशा अर्थाचा निरोप आम्ही व्यापाऱ्याला पाठवला आणि त्याने तो तसाच विणकराला कळवला. सुताचा रंग दर घाण्याला थोडाफार बदलतो हे ठाऊक असल्यामुळे आमचा संशय थेट रंगाऱ्याकडे आणि विणकराकडे गेला, माजघरातल्या दिव्याकडे वळून पाहण्याचेही आम्हाला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उशा परत न्यायला गेलो. काकूंनी एक उशी काखेत घेतली, सोपा ओलांडून त्या उंबऱ्यावर गेल्या आणि उशी उन्हात धरून उभ्या राहिल्या. साडी घेताना शहापुरातली कोणतीही बाई जे करते तेच त्यांनी केले होते. दुकानात कितीही दिवे असोत, पदर दारात नेऊन उजेडात बघितल्याशिवाय इथे साडी पसंत होत नाही. उंबऱ्यावर तोच खण डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता. काकू आत वळून म्हणाल्या, "कापड बरोबर हाय, ह्या दिव्यातच काळं दिसूलालंय."

तिथून पुढचे सारे काम दिव्याचे झाले. माजघरात बरीच वर्षे ९ वॉटचे पांढरे एलईडी दिवे होते, प्रकाशाचा रंग ६५०० केल्विनचा (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर-पांढरा, जितका लहान तितका पिवळसर). आमचा पहिला उपाय सरळ आणि चुकीचा होता. पांढरा प्रकाश थंड असतो म्हणून लाल मावळतो, असे समजून आम्ही त्यांच्या जागी ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी बसवले. खोली उबदार वाटू लागली, दिवाणाचे लाकूड खुलले, पण खण मात्र तपकिरीचाच राहिला, फक्त आधी करड्याकडे झुकणारा तपकिरी आता पिवळ्याकडे झुकला. प्रकाशाचा रंग आणि वस्तूचा रंग खरा दाखवण्याची त्या प्रकाशाची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्ही शिकलेलो होतो. घरात काम करताना ते विसरलो.

याचे कारण दिव्याच्या घडणीत आहे. सामान्य पांढऱ्या एलईडीत मूळ प्रकाश निळा असतो आणि त्यावरील फॉस्फरचा लेप त्यातला काही भाग पिवळ्या-हिरव्या प्रकाशात बदलतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासते, पण त्या मिश्रणात गडद लाल फार थोडा असतो. लाल वाढवायचा तर वेगळा फॉस्फर घालावा लागतो, आणि गडद लाल प्रकाशाला आपला डोळा मंद प्रतिसाद देत असल्यामुळे तेवढ्याच विजेत मोजमापाचा उजेड कमी भरतो. वॉटमागे ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा मोठा दाखवायचा असला की म्हणूनच लालावर काटकसर होते. जो लाल दिव्यातच नाही तो कापडावरून परतून डोळ्यापर्यंत यायचा कुठून? दिव्यात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, खोक्यावर सीआरआय म्हणून शंभरपैकी जो आकडा छापतात तोही इथे पुरेसा पडत नाही. हा निर्देशांक आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लालाचा नववा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलाच जात नाही. परिणामी सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. फिकट रंगांच्या भिंती, पांढरे कपडे आणि कागदपत्रे असलेल्या कचेरीत ही उणीव कुणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडच्या घरात मात्र लाल हाच मुख्य रंग आहे. खण, इरकलीचा पदर, कुंकू, देव्हाऱ्यातले वस्त्र, मसाल्याच्या डब्यातली ब्याडगी मिरची, हे सगळे त्या एका नवव्या नमुन्याच्या वाट्याचे.

मग आम्ही एका रात्री त्याच माजघरात पारख केली. एका ताटात खणाचा उरलेला तुकडा, चमचाभर कुंकू, दोन ब्याडगी मिरच्या आणि गोकाकचा रंगवलेला लाकडी टोमॅटो ठेवला. दिवे पाच होते. आधीचा पांढरा एलईडी, आम्ही बसवलेला पिवळसर एलईडी, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब, सीआरआय ९५ असलेला आणि आर-९ चा आकडा वेगळा छापलेला २७०० केल्विनचा एलईडी, आणि देवघरातली समई. प्रत्येक दिव्यानंतर डोळे सरावायला पाच मिनिटे दिली आणि काकूंना दिव्याकडे पाठ करून बसवले, म्हणजे दिवा कोणता ते त्यांना कळू नये. पहिल्या दोन दिव्यांत लाकडी टोमॅटो चिकूसारखा दिसला आणि कुंकू विटेच्या भुकटीसारखे. जुना बल्ब लागताच ताटातल्या चारही वस्तूंचा लाल एकमेकांपासून वेगळा झाला. मिरचीचा काळपट, कुंकवाचा तेजाळ, टोमॅटोचा शेंदरीकडे झुकणारा आणि खणाचा डाळिंबी. चौथ्या दिव्यात हे चारही भेद तसेच टिकले. समईत उजेड थोडा होता, तरीही लाल सर्वांत गहिरा समईतच दिसला. काकूंनी दुसऱ्या क्रमांकावर जुना बल्ब की चौथा दिवा हे दोनदा विचारूनही ठामपणे सांगितले नाही. आमच्या दृष्टीने तेच उत्तर होते, कारण चौथा दिवा जुन्या बल्बच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकीच वीज घेतो.

त्या ताटात नसलेली एक गोष्टही त्या रात्री आमच्या लक्षात आली. ताट सरकवणाऱ्या सूनबाईंचा हात पहिल्या दोन दिव्यांत निस्तेज दिसला होता आणि चौथ्या दिव्यात त्याला रक्ताची झाक आली. माणसाच्या कांतीतही लालाचा वाटा मोठा असतो. खिडकी नसलेल्या खोलीत घरातली माणसे एकमेकांची तोंडे वर्षानुवर्षे दिव्याच्याच उजेडात पाहत असतात, तेव्हा ही बाब खणाहूनही महत्त्वाची आहे असे मला मनापासून वाटते.

दिवा बदलूनही काम पुरे झाले नाही. टांगत्या दिव्याखालच्या दोन उशा खुलल्या, पण भिंतीच्या कोपऱ्यातली तिसरी उशी अजून मलूल होती. तिच्यावर दिव्याचा प्रकाश सरळ पडत नव्हता, भिंतीवर आपटून परतलेला पडत होता, आणि भिंत निळीच्या चुन्याची होती. नीळ चुन्याचा पिवळटपणा मारून भिंत शुभ्र भासवते. परंतु निळसर पृष्ठभाग आलेल्या प्रकाशातला लाल गिळतो आणि उरलेला परत करतो. वरचा काळा माळा तर काहीच परत करीत नव्हता. आम्ही चुना कायम ठेवला, कारण सामाईक भिंतीतली पावसाळी ओल श्वासासारखी बाहेर टाकायला चुन्याइतके चांगले दुसरे काही नाही आणि तिथे प्लास्टिक रंग दिला असता तर पहिल्याच आषाढात पोपडे आले असते. फक्त निळीऐवजी चुन्यात चिमूटभर पिवडी घातली. दोन हात झाल्यावर भिंत साईच्या रंगाची झाली आणि तिसरी उशी जागी झाली.

आता मातीच्या टोपीकडे येतो, कारण आमच्या तिघांत खरा वाद तिच्यावरून झाला. खानापूरची माती कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे. चाकावर घडवलेली, बिनझिलईची, खालचे तोंड परातीएवढे रुंद अशी ही टोपी आमच्या वर्षाच्या यादीतली सर्वांत लाडकी वस्तू होती. आमच्यापैकी एकाचा आग्रह असा की ती आतूनही मातीचीच राहावी. पण मातीच्या तांबड्या पोटातून परतलेला प्रकाश स्वतःच तांबूस होतो. खण त्यात लाल दिसतो खरा, मात्र पांढरी बुट्टी गुलाबी होते आणि काठाचा हिरवा मरतो. एका रंगावरचा अन्याय काढायला दुसऱ्यावर अन्याय करायचा, असाच तो प्रकार झाला असता. अखेर भिंतीच्या उरलेल्या चुन्याचा एक हात टोपीच्या आतून दिला. बिनझिलईच्या मातीवर चुना घट्ट धरतो आणि चकाकत नाही. दिवा टोपीच्या कडेपेक्षा चार बोटे वर ठेवला, म्हणजे दिवाणावर बसलेल्याच्या डोळ्याला उघडा दिवा दिसत नाही. टोपीचे वजन तारेवर न टाकता तुळईत पिळाचा हुक बसवून साखळीने तोलले. माळ्याच्या फळ्या एवढा भार घेणाऱ्या नसतात आणि विजेच्या तारेवर तो टाकणे धोक्याचे असते.

उभ्या दिव्याच्या बैठकीची हकीकत थोडक्यात सांगतो. बेळगावची उद्यमबाग तिथल्या ओतीव कामासाठी नावाजलेली आहे, आणि यंत्रांचे भाग ओतणाऱ्या एका फौंड्रीत आम्ही लाकडी पॅटर्न देऊन या बैठका बिडात ओतून घेतल्या. वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा मुद्दामच घासून काढला नाही, कारण हात फिरवला की ती वस्तू कशी जन्मली ते त्याच स्पर्शातून कळते. पण जुलैच्या पावसात तिच्याभोवती शहाबादी फरशीवर तांबेऱ्याचे कडे उमटले. फरशीचा डाग बऱ्याच कष्टाने निघाला. बैठक घासून, तापवून, तिला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले आणि खाली रबराच्या तीन गोट्या बसवल्या. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात.

माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराला काकूंच्या सासूबाईंची इरकल पडदा म्हणून लावायची होती. इरकलीचा पदर साडीच्या अंगाला शिवलेला नसतो. अंगाच्या उभ्या सुती धाग्यांत पदराचे रेशमी धागे एकेक करून फाशांनी अडकवलेले असतात आणि त्या जोडाला विणकर कोंडी म्हणतात. लाल रेशमावर पांढऱ्या शिखरांची नक्षी असलेला पदर वर ठेवला असता तर दाराच्या चौकटीत तो अधिक शोभला असता, परंतु मग सगळ्या साडीचे वजन त्या जुन्या फाशांवर लोंबले असते. म्हणून पदर खाली सोडला. इंचभर रुंदीच्या त्या जोडावर बोट फिरवले तर गाठी लागत नाहीत, नुसती एक बारीक उंचवट्याची रेघ जाणवते.

जमखान्याला आणि गोकाकच्या फळांना काही त्रास झाला नाही. घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, तिला पहिल्या पावसाळ्यात दमट वास आला, तेव्हा ते श्रावणातल्या उन्हात दोनदा वाळवून पुढच्या सोप्यात हलवले. तिथे वारा आहे. माजघरासाठी घोंगडे ही आमची निवड चुकीची होती.

खरे देणे होते ते विणकराचे. व्यापाऱ्याला घेऊन आम्ही गुळेदगुड्डला गेलो, झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली आणि पुढच्या घरासाठीच्या खणाचे पैसे आगाऊ दिले. रागाचा एकही शब्द न काढता त्यांनी मागावरचा ताणा दाखवला. माग दाराजवळ होता आणि विणताना सकाळचा उजेड त्यांच्या डाव्या हाताने येत होता. रंग जुळवायचे काम आपण दिवस मावळल्यावर करीत नाही, असे त्यांनी सांगितले.

त्या दिवाळीनंतर यादी करताना आम्ही कापडांचा आणि दिव्यांचा असे दोन वेगळे रकाने ठेवले नाहीत. खणाच्या नोंदीतच आता त्याचा दिवा लिहिलेला असतो. २७०० केल्विन, सीआरआय ९५, आर-९ किमान ५०, आणि शेजारी भिंतीचा रंग. असा दिवा साध्या दिव्यापेक्षा महाग पडतो आणि बेळगावच्या सगळ्या दुकानांत मिळत नाही, म्हणून काकूंच्या घरी दोन दिवे जास्तीचे ठेवून आलो. ते संपल्यावर कुणीतरी जवळच्या दुकानातून हाताला येईल तो दिवा आणून लावील ही धास्ती होती, म्हणून हे आकडे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. तो कागद काकूंनी देवघराशेजारी पंचांगाच्या खिळ्याला अडकवला आहे आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात खणाची एक बोटभर पट्टी टाचली आहे.